एक संगणक, अनेक पडदे : कमी खर्चातले ग्राफिक्स कार्ड

एका संगणकाला किती मॉनिटर जोडता येतील, हे ग्राफिक्स चिपमध्ये पडदे चालवणारी स्वतंत्र मंडले किती आहेत यावर ठरते. त्यानंतर प्रश्न येतो तो ही मंडले कार्डाच्या मागच्या पट्टीवर कोणत्या जोडण्यांनी बाहेर काढली आहेत आणि मॉनिटरच्या मागे कोणती जोडणी आहे, याचा. खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला मेमरीचा आकडा या हिशेबात कुठेच येत नाही. तरी दुकानात पहिला प्रश्न 'किती जीबीचे हवे?' हाच असतो, आणि बेताच्या पैशांत काम भागवू पाहणाऱ्याचे पैसे तिथेच चुकीच्या जागी खर्च होतात.

पांढुर्णा जिल्ह्यातल्या सौंसर तालुक्यात, नागपूर–छिंदवाडा रस्त्यावर असलेल्या बोरगावला हा प्रश्न नवा नाही. तिथल्या औद्योगिक वसाहतीत रेमंडचा कापड कारखाना १९९१ पासून आहे आणि त्याच्या आजूबाजूला लहानमोठे उद्योग आहेत. उद्योग आला की हिशेबनीस, मालाची आवकजावक लिहिणारा कारकून, फाटकावरच्या कॅमेऱ्यांवर नजर ठेवणारा माणूस असे सगळे येतात. एका पडद्यावर टॅली, दुसऱ्यावर जीएसटीचे संकेतस्थळ आणि तिसऱ्यावर एक्सेलचा तक्ता उघडा असला, की दर मिनिटाला खिडक्या खालीवर करण्याचा त्रास वाचतो आणि आकडे उतरवताना होणाऱ्या चुकाही कमी होतात. या कामाला वेग फारसा लागत नाही. म्हणूनच इथे खेळांसाठी बनवलेले महागडे कार्ड घेणे म्हणजे शुद्ध नुकसान आहे.

कार्ड विकत घेण्याआधी असलेला संगणक पाहावा. आजकालच्या बहुतेक प्रोसेसरांच्या पोटातच ग्राफिक्सची सोय असते. इंटेलच्या कोअर मालिकेत दुसऱ्या पिढीपर्यंत ती सोय दोन पडद्यांपुरती होती. २०१२ साली आलेल्या तिसऱ्या पिढीपासून ती तीन पडद्यांची झाली आणि बाराव्या पिढीत चारांची. एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेतही चार पडद्यांची सोय प्रोसेसरमध्येच आहे. दोन्ही कंपन्यांच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' हे अक्षर असते, त्यांत मात्र ग्राफिक्स नसते. तिथे एका पडद्यासाठीसुद्धा कार्ड लागते.

प्रोसेसरची क्षमता असली तरी मदरबोर्डावर तेवढ्या जोडण्या दिलेल्या असतीलच असे नाही. स्वस्त मदरबोर्डावर अनेकदा एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए एवढेच असते. कंपन्यांच्या कार्यालयांतून बाजारात येणारे जुने, दुरुस्त करून विकले जाणारे संगणक या बाबतीत उदार असतात. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७०४० या संगणकाच्या मागे एक एचडीएमआय आणि दोन डिस्प्लेपोर्ट आहेत. सहाव्या पिढीच्या प्रोसेसरसह त्यावर तीन मॉनिटर कोणतेही कार्ड न घालता चालतात. नागपूरच्या बाजारातून असा संगणक आणून त्यात लगेच कार्ड बसवणाऱ्याने आधी संगणकाची मागची बाजू पाहिलेली बरी.

आणखी एक शक्यता आधीच तपासावी. दुसऱ्या पडद्यावर तेच चित्र हवे आहे की वेगळे? एमपी ऑनलाइनच्या केंद्रात अर्ज भरताना समोर बसलेल्याला आपले नाव, वडिलांचे नाव, आधारचा क्रमांक बरोबर टंकला जातो आहे की नाही हे दिसावे म्हणून दुसरा मॉनिटर ठेवतात. तिथे तेच चित्र पुरते, आणि एक एचडीएमआय स्प्लिटर ते काम करतो. याच स्प्लिटरने दोन वेगळे पडदे मिळतील अशा समजुतीने तो विकत घेणारेही पुष्कळ आहेत. स्प्लिटर चित्राची फक्त नक्कल करतो. स्वतंत्र दुसरा पडदा त्यातून कधीच मिळत नाही.

प्रोसेसरमधली सोय आणि वेगळे कार्ड ही दोन्ही एकाच वेळी वापरता येतात. पुष्कळ मदरबोर्ड कार्ड बसवल्याबरोबर आतले ग्राफिक्स बंद करतात, आणि मदरबोर्डाला जोडलेला मॉनिटर काळा पडतो. कार्ड बिघडले किंवा मॉनिटर गेला अशी शंका येते, पण बायोसमध्ये आतले ग्राफिक्स चालू ठेवण्याचा पर्याय बहुधा असतो. तो चालू केला की दोन पडदे मदरबोर्डावरून आणि दोन कार्डावरून असे चार पडदे साध्या संगणकावरही उभे राहतात. हा मार्ग सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत कमी लोकांना माहीत आहे.

तरीही कार्ड घ्यायचेच ठरले, तर पट्टीवर किती भोके दिसतात ते मोजून निर्णय करू नये. एनव्हिडियाच्या जीफोर्स ४०० आणि ५०० मालिकेतल्या कार्डांवर तीन-तीन जोडण्या असत, पण एका वेळी दोनच पडदे चालत. २०१२ च्या ६०० मालिकेपासून चिपची मर्यादा चारांवर गेली. एएमडीने सप्टेंबर २००९ मध्ये रेडिऑन एचडी ५००० मालिकेत तीन पडद्यांची सोय आणली, पण एका अटीवर : तिसरा मॉनिटर डिस्प्लेपोर्टवरच हवा. एचडीएमआय आणि डीव्हीआय या जोडण्यांना प्रत्येक पडद्यासाठी चिपमध्ये वेगळा ताल-जनक (क्लॉक जनरेटर) लागतो, आणि त्या चिपांत असे दोनच होते. डिस्प्लेपोर्ट ठरावीक तालावर चालतो, त्यामुळे त्याला वेगळा ताल-जनक लागत नाही.

कन्व्हर्टरचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो. डिस्प्लेपोर्टला लावायचे स्वस्त एचडीएमआय कन्व्हर्टर निष्क्रिय असतात. ते लावले की डिस्प्लेपोर्ट स्वतःच एचडीएमआयसारखा वागू लागतो आणि त्यालाही ताल-जनक लागतो. जुन्या एएमडी कार्डावर त्यामुळे तिसरा पडदा उजळत नाही. सक्रिय कन्व्हर्टरमध्ये स्वतःची चिप असते, तो थोडा महाग मिळतो आणि तिथे तोच चालतो. डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीए देणारा कन्व्हर्टर मात्र सक्रियच असतो, कारण अंकीय संकेताचे सलग विद्युत्संकेतात रूपांतर चिपशिवाय होत नाही. जुने व्हीजीए मॉनिटर हाताशी असलेल्या कार्यालयांना ही सोयीची गोष्ट आहे. कन्व्हर्टरला दिशा असते, हेही लक्षात ठेवावे. डिस्प्लेपोर्टमधून निघून एचडीएमआयमध्ये जाणारी केबल उलटी लावून चालत नाही.

आता मेमरीचा हिशेब. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. एका ठिपक्याला चार बाइट धरले तर एका पडद्याच्या चित्राला सुमारे ८ एमबी लागतात. तीन पडदे आणि प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती धरल्या, तरी आकडा ७५ एमबीच्या आसपास राहतो. विंडोज आणि ब्राउझर यांना आणखी काही मेमरी लागते, तीही धरून हिशेबाच्या कामाला २ जीबी पुरतात. चार जीबीच्या जुन्या, मंद चिपपेक्षा दोन जीबीची नवी चिप केव्हाही बरी. मेमरीचा आकार नव्हे, तिची जात पाहावी. जीटी १०३० हे कार्ड २०१७ साली जीडीडीआर५ मेमरीसह आले आणि पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचे कार्डही विकायला आले. पहिल्याची मेमरी सेकंदाला ४८ जीबी माहिती हलवते, दुसऱ्याची १७ जीबीहूनही कमी. नाव एकच राहिल्यामुळे गिऱ्हाइकाला हा फरक कळत नाही, आणि याबद्दल कंपनीला दोष दिलाच पाहिजे.

जीटी ७३० च्या नावात तर याहून मोठा गोंधळ आहे. २०१४ साली आलेल्या या नावाखाली वेगवेगळ्या चिपा विकल्या गेल्या. काहींत फर्मी ही जुनी रचना आहे, काहींत केप्लर ही तिच्यानंतरची. फर्मीचे नियमित ड्रायव्हर २०१८ मध्ये थांबले, केप्लरचे २०२१ मध्ये. आज कोणी नवे खोके फोडून जीटी ७३० देत असेल, तर ते खोके नवे असले तरी आतली चिप जुनीच आहे. जीटी ७१० हेही केप्लरच आहे. १९ वॅटांवर चालणारे, बहुधा पंख्याशिवायचे, व्हीजीए, डीव्हीआय आणि एचडीएमआय अशा तीन जोडण्यांचे हे कार्ड वर्षानुवर्षे लहान कार्यालयांच्या कामी आले. आसुसने त्याची चार एचडीएमआय जोडण्यांची आवृत्तीही काढली. ती आखूड स्लॉटमध्ये बसते. विंडोज १० चा साधा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर मात्र इतक्या जुन्या चिपसाठी नवे पैसे घालणे शहाणपणाचे राहिलेले नाही. आधीपासून चालू असेल तर चालू द्यावे, एवढेच.

नव्या स्वस्त कार्डांतही फसगत होते. जीटी १०३० वर दोनच पडदे चालतात. २०२२ चे एएमडीचे आरएक्स ६४०० त्याच्यापेक्षा कितीतरी वेगवान आहे, पण त्यावरही जोडण्या दोनच आहेत. तीन-चार पडद्यांचे काम असेल, तर खेळांच्या मालिका सोडून कार्यालयीन आणि आरेखनाच्या कामासाठी बनवलेल्या कार्डांकडे वळावे. एनव्हिडियाचे क्वाड्रो पी४०० तीन मिनी डिस्प्लेपोर्ट देते, तर पी६०० आणि पी६२० चार. वीज ३० ते ४० वॅट लागते आणि उंची निम्मी असते. मोठ्या कंपन्यांच्या आरेखन विभागांतून ही कार्डे जुन्या बाजारात येतात, त्यामुळे क्षमतेच्या मानाने स्वस्त पडतात. पी मालिका पास्कल पिढीची आहे. नवीन चिप हवी असल्यास २०२१ चे टी४०० तीन पडदे चालवते आणि टी६०० चार. चार फुल एचडी मॉनिटर आणि हिशेबाचे काम एवढीच गरज असेल, तर चांगल्या स्थितीतले पी६२० हाच आजचा सर्वांत किफायतशीर पर्याय ठरतो.

त्याच्या किमतीत कन्व्हर्टर मात्र मोजले पाहिजेत. नव्या कार्डाच्या खोक्यात मिनी डिस्प्लेपोर्टचे जोड बहुधा येतात. जुने कार्ड बरेचदा नुसतेच हातात पडते. चार मॉनिटरांना चार केबली किंवा चार कन्व्हर्टर घ्यावे लागले, की स्वस्त वाटलेले कार्ड तेवढे स्वस्त राहत नाही. निम्म्या उंचीची पट्टी आणि पूर्ण उंचीची पट्टी अशा दोन्ही पट्ट्याही मागून घ्याव्यात. लहान कॅबिनेटमध्ये मोठी पट्टी बसत नाही, आणि सुटी पट्टी नंतर सहजी मिळत नाही.

वीज आणि उष्णता यांचा विचार बोरगावसारख्या ठिकाणी शहरापेक्षा अधिक करावा लागतो. लांब स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते; त्याहून अधिक खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी तार द्यावी लागते, आणि कार्यालयीन लहान संगणकांत ती तार बहुधा नसतेच. ६०० व्हीएचा साधा यूपीएस सुमारे ३६० वॅटपर्यंतचा भार उचलतो. संगणक ७० वॅट, बावीस इंची तीन मॉनिटर मिळून ७० वॅट आणि कार्ड ४० वॅट धरले, तर एकूण १८० वॅट होतात. वीज गेल्यावर फाइल जतन करून संगणक नीट बंद करायला पुरेसा वेळ मिळतो. १५० वॅटचे कार्ड घातले की तोच वेळ बराच आखडतो.

सौंसर-पांढुर्ण्याचा भाग संत्र्यांइतकाच कापसाचाही आहे. जिनिंगच्या आवारात किंवा धाग्याच्या कामाजवळ संगणक असेल, तर हवेतला तंतू पंख्यात अडकतो, हीटसिंकच्या फटींत गादीसारखा साचतो आणि लहान पंखा काही महिन्यांत कुरकुरू लागतो. अशा जागी पंख्याशिवायचे कार्ड टिकते. मात्र विदर्भाच्या सीमेवरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणून कॅबिनेटचा स्वतःचा पंखा चालू असला पाहिजे आणि कॅबिनेट भिंतीला टेकलेले नसावे. पंख्याचे कार्ड असल्यास दर दोन-तीन महिन्यांनी ब्लोअरने ते साफ करावे. तेव्हा पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, म्हणजे तो वेड्यासारखा फिरून बिघडत नाही.

जुन्या बाजारात खोट्या कार्डांचा धोका खरा आहे. जुन्या चिपच्या बायोसमध्ये नाव बदलून ती नव्या नावाने विकली जाते. जीटीएक्स ५५० टीआय हे १०५० टीआय म्हणून खपवल्याची उदाहरणे सर्वत्र आढळली आहेत. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम २०१८ पासून अशी एनव्हिडियाची खोटी कार्डे ओळखून तसे दाखवतो. दुकानातच तो चालवून पाहावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जितके पडदे हवेत तितके सगळे एकाच वेळी जोडून दाखवायला सांगावे. एकेक जोडणी वेगवेगळी तपासली की प्रत्येक ठीक दिसते, आणि मर्यादा घरी गेल्यावर उघडी पडते. पक्के बिल घ्यावे. जीएसटीत नोंदलेल्या व्यावसायिकाला कार्डावर भरलेल्या १८ टक्के कराची वजावट त्याच बिलावर मिळते.

कार्ड बसल्यावर विंडोजची कळ आणि 'पी' ही कळ एकत्र दाबून पडदे वाढवण्याचा पर्याय निवडावा, आणि डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये चौकटी ओढून टेबलावर मॉनिटर ज्या क्रमाने ठेवले आहेत त्याच क्रमाने लावाव्यात. सगळ्या मॉनिटरांचा रिफ्रेश दर एकच, ६० हर्ट्झ, ठेवावा. दर वेगवेगळे असले तर काही कार्डांची मेमरी रिकाम्या वेळीही पूर्ण वेगाने चालत राहते आणि कार्ड विनाकारण तापते. व्हीजीएवरच्या मॉनिटरची अक्षरे पुसट दिसत असतील, तर मॉनिटरचे 'ऑटो' बटण दाबून पाहावे. तरीही फरक पडला नाही, तर तो मॉनिटर कॅमेऱ्यांच्या चित्रासाठी ठेवून आकड्यांचे काम अंकीय जोडणीच्या मॉनिटरवर घ्यावे.