अभिप्रायाच्या कागदावर न आलेली गोष्ट

मी नांदूरघाटचा, जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक. आजचा विषय: कार्यक्रमाला आलेल्या माणसांना नेमकं हवं काय असतं?

आम्हा शिक्षकांची केंद्रावर शिक्षण परिषद असते. आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र येतात. एकदा तिची आखणी माझ्याकडे आली. मी पडलो तंत्रस्नेही! चाळीस स्लाइड केल्या, प्रोजेक्टर लावला, दीड तास एक ॲप समजावून सांगितलं. शेवटी अभिप्रायाचे कागद वाटले. सगळ्यांनी लिहिलं, ‘छान, उपयुक्त.’ मी खूश.

मग चहा. एक मॅडम म्हणाल्या, “सर, ॲप चांगलंय. पण दिवाळीनंतर माझ्या वर्गातली निम्मी पोरं आईबापासोबत ऊसतोडीला गेलीत. दाखवू कुणाला?”

झालं! सगळे तिथंच गोळा झाले. कुणी सांगतंय, हंगामी वसतिगृहामुळं किती पोरं आजीजवळ गावातच राहिली. कुणी विचारतंय, शिक्षण हमी कार्ड देऊन पोरगं पाठवलं, पण ते तिकडच्या शाळेत बसलं की नाही, हे कळायचं कसं? तेवढ्यात एसटीची वेळ झाली. प्रश्न तसाच राहिला.

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. एक, अभिप्रायाच्या कागदावर कुणी खरं लिहीत नाही. समोर आपणच उभे असतो, आणि त्यांना घर गाठायचं असतं. दुसरी, ‘कोणता विषय ठेवू?’ विचारलं की लोक म्हणतात, ‘ठेवा कोणताही.’ पण ‘या महिन्यात कुठं अडलात?’ विचारा, मग माणूस बोलायला लागतो.

पुढच्या वेळी आठवडाभर आधी सगळ्यांना हाच प्रश्न फोनवर विचारला. एका सरांनी कारखान्याजवळच्या शाळांना स्वतः फोन लावून आपली पोरं तिथं बसवली होती. बोलायला त्यांनाच उभं केलं. चहा शेवटी न ठेवता मध्येच ठेवला, तोही ऐसपैस. आणि एसटीच्या आधी कार्यक्रम संपवला.

स्लाइड एकही नव्हती. पण जाताना त्या मॅडमच्या वहीत तीन शाळांचे नंबर होते.

तर दोस्तांनो, तुम्ही शिबिर घ्या, मेळावा घ्या, नाहीतर मोठी परिषद घ्या. आधी विचारा, माणूस कुठं अडलाय. तो येतो त्यासाठीच. भेटू पुढच्या भागात!