जुन्या कॅमेऱ्याचा वारस

अजिंठ्याची लेणी आमच्या सोयगाव तालुक्यातच येतात. त्यामुळे घरी पाहुणा आला की त्याला घेऊन फर्दापूरची वाट धरायची आणि गळ्यात रोलचा कॅमेरा अडकवायचा, हा माझा वर्षानुवर्षांचा परिपाठ. रोल ३६ फोटोंचा. पस्तिसावा फोटो घेताना हात आपोआप जपून चाले. पुढे रोल धुऊन देणारे दुकानच बंद झाले आणि डिजिटल कॅमेरा घेणे भाग पडले. तुमच्याही कपाटात असा एखादा जुना कॅमेरा असेल. त्याचा वारस निवडताना काय पाहावे, तेवढे आज सांगतो.

दुकानात गेलात की पहिल्यांदा आकडे कानावर पडतात. इतके मेगापिक्सेल, इतके पट झूम! एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. आता हिशेब करा. अल्बममध्ये लावायचा ४ बाय ६ इंचांचा फोटो स्वच्छ छापायला इंचाला ३०० ठिपके पुरतात. म्हणजे एकूण २१ लाख ६० हजार. भिंतीवरच्या ८ बाय १० इंची फोटोला ७२ लाख. हल्लीचा साधा कॅमेराही याहून पुष्कळ अधिक देतो. तेव्हा या आकड्याला भुलण्याचे कारण नाही.

झूमचे मात्र नीट विचारून घ्या. झूम दोन प्रकारचा. ऑप्टिकल झूममध्ये भिंगे खरोखरच पुढेमागे सरकतात आणि दूरचे दृश्य मोठे होऊन आत येते. डिजिटल झूममध्ये भिंग जागचे हलत नाही. आलेल्या चित्राचा मधला तुकडा कापून तो फुगवला जातो. दुप्पट झूम केला की चौथाई ठिपके उरतात, चौपट केला की सोळावा हिस्सा. हे काम घरी संगणकावरही होते. त्यासाठी जादा पैसे कशाला मोजायचे? खोक्यावर ऑप्टिकल झूम किती, तेवढेच वाचा.

मग ऑप्टिकल झूम मोठ्यात मोठा घ्यावा काय? इथेच खरी मेख आहे. वाघूर नदीच्या पलीकडे उभे राहून समोरच्या कड्यातले एखादे लेणे टिपायचे, तर लांब झूम हवाच. पण पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभे राहा. तिथे अंधार असतो, फ्लॅशला मनाई असते आणि तिपाईही परवानगीवाचून चालत नाही. तिथे कामाला येतो तो प्रकाश ओढून घेणारा कॅमेरा. भिंगावर २.८–५.६ असे आकडे असतील, तर त्याचा अर्थ असा की झूम पूर्ण ताणला म्हणजे प्रकाश चौथाईवर येतो. आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त, एवढे लक्षात ठेवले की झाले.

दुसरी गोष्ट, फिल्मच्या जागी बसलेल्या सेन्सरची. आपल्या रोलवरची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. लांब झूमच्या लहान कॅमेऱ्यांत पुष्कळदा सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे त्या चौकटीच्या तिसाव्या हिश्श्याएवढा असतो. ‘एक इंची’ म्हणतात तो नावालाच इंचाचा, प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. तरी लहानाच्या चौपट. मी स्वतः लांब झूमचा मोह सोडला आणि मोठ्या सेन्सरचा, आखूड झूमचा, हाताचा कंप सावरणारा कॅमेरा पत्करला. तुम्हाला शेतातले पक्षी टिपायचे असतील तर उलट करा. आधी आपले जुने अल्बम चाळा. आपण फोटो कशाचे काढतो, ते त्यातच कळेल.

आता सर्वांत महत्त्वाचे. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे खपून अजिंठ्याच्या चित्रांच्या रंगीत प्रतिकृती केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून नव्याने प्रतिकृती करवून घेतल्या. त्यांतल्याही पुष्कळ लंडनलाच १८८५ च्या आगीत गेल्या. सगळे एकाच छपराखाली ठेवले, की असे होते.

आमच्या घरीही झाले. माझ्या आत्याच्या अखेरच्या दिवसांतले फोटो एकाच फोनमध्ये होते. तो फोन विहिरीत पडला; संपले. आणि आईवडिलांच्या लग्नाच्या निगेटिव्ह? त्या बिस्किटाच्या डब्यात अजून आहेत! म्हणून म्हणतो, कॅमेऱ्याला लागतील त्यातले थोडे पैसे राखून एक हार्ड डिस्क घ्या. दर महिन्याला फोटो तिच्यात उतरवा. दुसरी प्रत दुसऱ्या गावी, बहिणीकडे म्हणा, मुलाकडे म्हणा, ठेवून द्या. आणि वर्षाकाठी निवडक वीसएक फोटो कागदावर छापून घ्या. कागदाला बॅटरी लागत नाही.

जुना कॅमेरा भंगारात देऊ नका. त्यातला सेल मात्र आधी काढून ठेवा, नाहीतर तो आतल्या आत पाझरतो. आणि एक विसरू नका: आत अर्धा रोल राहिलेला असला, तर मागचे झाकण एकदम उघडू नका. आधी तो गुंडाळून घ्या. त्यात कोणाचा चेहरा असेल, काय सांगावे!