चित्रकथेचं टेबल आणि एक कर्जप्रस्ताव
(रौप्यमहोत्सवी वर्षातील ‘ज्येष्ठ सभासदांची संध्याकाळ’ या कार्यक्रमात केलेले भाषण)



कमिटीने मला ‘बँकेतील माझे अनुभव’ हा विषय दिला होता. पण ते अनुभव मी लिफ्टमध्ये सापडेल त्याला गेली कित्येक वर्षं ऐकवतोच आहे. म्हणून सेक्रेटरीसाहेबांकडून विषय बदलून घेतला. आज मी बोलणार आहे ते चित्रकथा काढणाऱ्यांबद्दल, म्हणजे कॉमिक्सवाल्यांबद्दल. मोठ्या कंपनीत नोकरी करणारे नव्हेत. स्वतः गोष्ट लिहायची, स्वतः चित्रं काढायची, पदरचे पैसे घालून छापायची आणि गावोगावच्या मेळाव्यांत टेबल मांडून विकायची, अशा लोकांबद्दल. या मेळाव्यांना कॉमिक कन्व्हेन्शन किंवा थोडक्यात ‘कॉमिक कॉन’ म्हणतात.

हा विषय का, ते आधी सांगतो. आमची नात हेच करते. बागेत बसलं की कोणी ना कोणी विचारतंच, “काय हो, नात हल्ली काय करते?” मी “कॉमिक्स काढते” म्हटलं की समोरचा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, “ते झालंच, पण करते काय?” या प्रश्नाचं उत्तर आज एकदाच सगळ्यांना देऊन टाकतो.

सहा महिन्यांपूर्वी नात माझ्याकडे आली आणि म्हणाली, “आबा, मला मोठं पुस्तक छापायचंय. पैसे हवेत. देणगी नको, कर्ज द्या.” चिरंजीवांचा या गोष्टीला विरोध होता, आहे. त्यांचं म्हणणं, शिक्षण झालंय, चांगली नोकरी मिळतेय, हे कसले भिकेचे डोहाळे! सूनबाई मध्ये अडकलेल्या. घरात आठ दिवस जेवताना कोणी बोलत नव्हतं. मी म्हटलं, माझं आयुष्य कर्जप्रस्ताव तपासण्यात गेलं. हाही एक प्रस्तावच आहे, रीतसर तपासू. मग वाचन केलं, तिच्याबरोबर मुंबईतल्या एका मेळाव्यात दिवसभर टेबलामागे बसलो. आज जे सांगतोय ते त्या तपासणीतलंच.

पहिला प्रश्न, हा धंदा आला कुठून? आपल्या पिढीला कॉमिक्स म्हणजे इंद्रजालचा वेताळ आणि जादूगार मँड्रेक. ते वर्तमानपत्राच्या स्टॉलवर मिळायचं. अमेरिकेतही तसंच होतं. स्टॉलवाला न विकलेले अंक परत करायचा, आणि तो तोटा सोसायचा प्रकाशकाने. मोठ्या कंपनीला ते परवडतं, एकट्या माणसाला नाही. फिल स्यूलिंग नावाचे ब्रुकलिनमधले एक शाळामास्तर न्यूयॉर्कमध्ये कॉमिक्सचे मेळावे भरवायचे. त्यांनी १९७० नंतरच्या एकदोन वर्षांत प्रकाशकांना सुचवलं की माल मला स्वस्तात द्या, उरला तरी मी परत करणार नाही. खास कॉमिक्सची दुकानं या पद्धतीवर वाढली. आधी मागणी घ्यायची आणि तेवढंच छापायचं, हे शक्य झालं. लहान माणसासाठी दार उघडलं ते इथे. बँकेच्या भाषेत सांगायचं तर खेळत्या भांडवलाची अडचण सुटली.

मेळावेही तेव्हाच वाढत होते. अमेरिकेत सान डिएगोचा मेळावा १९७० मध्ये एका हॉटेलात भरला, तीन दिवसांत सुमारे ३०० माणसं आली. आज तिथे लाखाच्या वर येतात. जपानमध्ये टोकियोला २१ डिसेंबर १९७५ रोजी ‘कोमिकेट’ सुरू झालं. ३२ गट, आणि आले सुमारे ७०० लोक. आता ते वर्षातून दोनदा भरतं आणि गर्दी लाखांत मोजतात. त्यांची एक गोष्ट मला फार आवडली. तिथे ‘ग्राहक’ हा शब्दच मानत नाहीत. विकणारा, घेणारा आणि व्यवस्था पाहणारा स्वयंसेवक, हे तिन्ही ‘सहभागी’. आपण सहकारी सोसायटीवाले, आपल्याला हे समजायला अवघड नाही. भाडेकरू आणि सभासद यांत फरक असतो तो हाच.

आपल्याकडे कॉमिक कॉन २०११ साली दिल्लीत दिल्ली हाटला सुरू झालं आणि त्याच वर्षी मुंबईतही आलं. तिथे मोठ्या कंपन्यांचे झगमगीत स्टॉल असतात, आणि एका बाजूला रांगेत लहान लहान टेबलं. आमची नात त्या लहान टेबलांपैकी एका टेबलामागे उभी असते.

आता हिशेब. आकडे नमुन्याचे धरा, पण जात खरी आहे. समजा, ३२ पानांचं एक कॉमिक छापायला ७० रुपये लागले आणि ते २०० ला विकलं. सुटले १३०. टेबलाचं भाडं दोन दिवसांचं १०,०००. दुसऱ्या शहरात असेल तर प्रवास, राहणं, खाणं मिळून ८,००० धरा. म्हणजे १८,००० वसूल व्हायला १३९ प्रती विकल्या पाहिजेत. दोन दिवसांचे मिळून सोळा तास, म्हणजे दर सात मिनिटांना एक प्रत. इतकं केलं की नफा किती? शून्य. आणि एका पानाला दोन दिवस लागले तर ३२ पानं काढायला चौसष्ट दिवस गेले, त्यांची मजुरी यात धरलेलीच नाही. चिरंजीव म्हणाले, “बघा!” मी म्हटलं, थांबा, तपासणी पुरी होऊ द्या.

टेबलामागे बसल्यावर मला कळलं की फक्त कॉमिक विकून कोणीच राहत नाही. छापील चित्रं, स्टिकर, बुकमार्क असतात. कोणी समोर बसून स्वतःचं चित्र काढून घेतो. पुस्तक घ्यायला माणूस विचार करतो, स्टिकर हसत हसत घेतो. स्टिकरच्या पैशांत टेबलाचं भाडं निघतं आणि पुस्तक त्यावर उभं राहतं. शेजारच्या टेबलावर कोणी स्पायडरमॅनची चित्रं विकत असेल तर तिथे झुंबड, कारण तो सगळ्यांच्या ओळखीचा. आपल्या नातीच्या गोष्टीतली कोळ्याची म्हातारी कोणाला ठाऊक? तिची ओळख एका वाक्यात करून द्यायची, तीही माणूस चालता चालता. ते वाक्य तिने त्या दिवशी माझ्या मोजणीप्रमाणे तीनशेच्या वर वेळा म्हटलं. संध्याकाळी घसा बसला होता. कोणी चाळून ठेवून देतं, कोणी “छान आहे” म्हणून जातं, कोणी फोटो काढून जातं. ठेवून दिलेलं पुस्तक ती दर वेळी सरळ करून ठेवायची. चेहऱ्यावर काही नाही. आमच्या काउंटरवर इतका संयम असलेले कॅशियर मी फार थोडे पाहिले.

पण आणखी एक गोष्ट पाहिली. डाव्या बाजूच्या टेबलावरचा मुलगा जेवायला गेला तेव्हा त्याची विक्री आमच्या नातीने सांभाळली. ती गेली तेव्हा त्याने. कोणता छापखाना वेळेवर माल देतो, कोणत्या शहरात काय खपतं, ही माहिती ते एकमेकांना मोकळेपणाने देतात. दिवस संपताना एकमेकांची पुस्तकं अदलाबदल करून घेतात. स्पर्धक अशी माहिती देतात असं बाजारात मी कधी पाहिलं नव्हतं. उरलेली खोकी घेऊन लोकलच्या डब्यात चढताना मात्र सगळ्या व्यवसायांतला उरलेला माल सारखाच जड असतो, हेही कळलं.

आता कर्ज देणाऱ्याने मागचे दाखले बघायचे असतात. तीन सांगतो.

पहिला, केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेयर्ड. आयकराचा परतावा आणि ईस्टमनच्या काकांकडून घेतलेलं कर्ज यांतून त्यांनी सुमारे ३००० प्रती छापल्या आणि मे १९८४ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पोर्ट्समथ इथल्या मेळाव्यात विकायला ठेवल्या. तेच हे निन्जा टर्टल्स, आपल्या नातवंडांच्या दप्तरांवर असतात ते. पण लाखात एखाद्याचं असं होतं. लॉटरी लागलेल्याचा दाखला कर्जाला चालत नाही, म्हणून हा मी बाजूला ठेवला.

दुसरा, जेफ स्मिथ. ओहायोतला. १९९१ मध्ये त्याने ‘बोन’ स्वतः काढायला घेतलं. त्याची पत्नी विजया अय्यर. ती सिलिकॉन व्हॅलीतली नोकरी सोडून आली आणि तिने धंद्याची बाजू हाती घेतली. २००४ पर्यंत ५५ अंक निघाले, गोष्ट ठरवल्याप्रमाणे पुरी झाली, पुढे मोठ्या प्रकाशकाने रंगीत आवृत्त्या काढल्या. यातून मी एवढंच घेतलं की काढणारा एक असला तरी हिशेब बघणारा दुसरा हवा.

तिसरा माझ्या मनात भरला. हार्वी पेकार. क्लीव्हलंडच्या सरकारी इस्पितळात फाइल क्लार्क. १९७६ पासून ‘अमेरिकन स्प्लेंडर’ स्वतः छापायचा. चित्रं इतरांची, गोष्टी याच्या स्वतःच्या, म्हणजे कचेरी, रांगा, शेजारी. पुढे नाव झालं, तरी २००१ मध्ये निवृत्त होईपर्यंत फाइली लावतच राहिला; नंतर त्यावर चित्रपटही निघाला. मी स्वतः क्लार्क म्हणून लागलेला माणूस. मला हा लगेच कळला.

जोखीमही पाहिली. २०२० मध्ये साथीमुळे सान डिएगो आणि टोकियोचे मेळावे रद्द झाले. ज्यांची वर्षाची कमाई टेबलावर होती त्यांचं वर्ष गेलं. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतला कॉमिक्सचा जुना, मोठा वितरक दिवाळखोरीत गेला आणि लहान प्रकाशकांनी विश्वासाने त्याच्या गोदामात ठेवलेला मालही वादात सापडला. टेबलावरच्या विक्रीत निदान पैसे त्याच मिनिटाला हातात येतात.

एवढं झाल्यावर एका रविवारी मी घरात सगळ्यांना बसवलं आणि निर्णय सांगितला. कर्ज मंजूर. रक्कम सांगत नाही, गोपनीयतेची जुनी सवय आहे. अटी तीन. एक, दोन वर्षं अर्धवेळ काम चालू ठेवायचं, पेकारसाहेबांसारखं. दोन, एका वेळी थोड्याच प्रती छापायच्या, संपल्या की पुन्हा. तीन, प्रत्येक मेळाव्यानंतर आठ दिवसांत हिशेब आणि हप्ता. तिने वही आणली आणि माझ्यासमोर सही केली. चिरंजीव काही बोलले नाहीत. पण पुढच्या मेळाव्याला खोकी स्टेशनपर्यंत पोचवायला गाडी त्यांनीच काढली. त्यांचा विरोध मावळलाय असं मी म्हणणार नाही. दोन वर्षांनी वही बघून ते ठरवतील, आणि तो त्यांचा अधिकार आहे.

आजपर्यंत चार हप्ते आले. तीन पूर्ण, एक निम्मा. निम्म्याच्या वेळी तिने स्वतःहून कारण लिहून दिलं होतं, “पाऊस, गर्दी कमी.” माझ्या नोकरीत मोठमोठ्या कर्जदारांनी इतकं सरळ कारण मला दिलं नव्हतं.

शेवटी मंडळी, एक विनंती. आपल्या सोसायटीत चित्रं काढणारी, गाणारी, लिहिणारी मुलं बरीच आहेत. त्यांना “ते झालंच, पण करते काय?” असं विचारू नका. किती खपलं, छापायला किती लागलं, पुढचं कधी येतंय, हे विचारा. धंदा करणाऱ्याला विचारतो तसं. आणि ओळखीचं म्हणून फुकट मागू नका. ओळखीच्याने पहिली प्रत रोख घ्यायची असते. आज हॉलच्या दाराशी कमिटीने एक टेबल मांडू दिलंय, कमिटीचे आभार. टेबलाचं भाडं आम्ही रीतसर भरलं आहे, पावती माझ्या खिशात आहे. पाचवा हप्ता आपल्या हातात आहे.