बंद गळ्याचा गाऊन

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या धंद्याबद्दल दहा मिनिटं बोल." शाळेत दहा ओळींचा निबंध लिहितानाही मला घाम फुटायचा, हे समोर बसलेल्या बाईंना चांगलं ठाऊक आहे. पण गाऊनबद्दल मी बोलू शकते. आपल्या वसईत मी नवरीचे गाऊन विकते, शिवून देते, भाड्यानेही देते. त्यातल्या एकाच प्रकाराबद्दल आज सांगणार आहे: बंद गळ्याचा, म्हणजे हाय नेक गाऊन. माझ्या दुकानात तो सगळ्यात सावकाश खपतो, तरी मी तो ठेवतेच. का ठेवते, तेवढंच सांगायचं आहे.

ज्यांच्या घरच्या लग्नात शालू-पैठणी असते, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. आमच्या ख्रिस्ती लग्नांचा हंगाम तुटक असतो. नाताळच्या आधीचा आगमनकाळ आणि ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ, या दिवसांत सहसा लग्नं होत नाहीत. म्हणून नाताळनंतरचे काही आठवडे आणि ईस्टरनंतर पावसाळ्यापर्यंतचे दिवस, एवढ्यातच बहुतेक गिऱ्हाईक येतं. बाकीचे महिने भाडं, विजेचं बिल आणि शिवणाऱ्या बायकांचे पगार चालूच असतात. अशा धंद्यात दोन हंगाम टांगून राहिलेला गाऊन म्हणजे अडकलेले पैसे. त्यामुळे दुकानदार हिशेब करतो आणि सगळ्यात आधी बंद गळाच काढून टाकतो.

हा गाऊन खपत नाही याची कारणं मी जवळून पाहिली आहेत. पहिलं कारण, तो हँगरवर चांगला दिसत नाही. मान नसलेली कॉलर म्हणजे लोळागोळा झालेली लेस. मुलगी हात लावते आणि पुढे जाते. दुसरं कारण आपलं, अगदी घरचं. मुलीची आई विचारते, "मग हार कुठे घालायचा?" आपल्याकडे मुलीसाठी वर्षानुवर्षं जमवलेलं सोनं लग्नात दिसलंच पाहिजे. परदेशातल्या फॅशनच्या पुस्तकांत या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. तिसरं कारण हवा. मे महिन्यातला वसईचा दमटपणा, भरलेलं चर्च आणि गळ्यापर्यंत साटन, नवरीला घेरीच यायची.

चौथं कारण शिवणाचं आहे. उघड्या गळ्याचा नमुना थोडा सैल असला तरी पाठीला चिमटे लावून घालून दाखवता येतो. बंद गळ्याला ती सोय नाही. मान 14 इंचांची आणि कॉलर 13 ची असली की तिथेच संपलं, बटण लागतच नाही. मुलीला वाटतं आपणच जाड आहोत आणि तिचा चेहरा उतरतो. आपल्या कार्यानुभवाच्या बाई म्हणायच्या, "गळा सगळ्यात शेवटी कापा, कापलेला गळा परत मिळत नाही." मी रोज त्याच वाक्यावर पोट भरते.

या अडचणींवर हळूहळू उपाय सापडले. बंद गळ्याचे नमुने मी आता मोठ्या मापाचे ठेवते. पाठ पूर्ण उघडते आणि आत जोडपट्टी असते, म्हणजे कुठल्याही मुलीला तो निदान घालून बघता येतो. हँगरवर नुसता टांगत नाही, पुतळ्यावर चढवते. कॉलर उभी राहावी म्हणून लेसच्या आत दोन्ही बाजूंना बारीक पारदर्शक पट्टी घालते. गळ्याला आणि हातांना अस्तर लावत नाही, लेस तशीच मोकळी ठेवते. अंगाला लागेल तिथे साटनऐवजी मलमल. माप घेताना टेपच्या आत एक बोट जाईल एवढी सैल ठेवते. मग मुलीला खाली बसवते, मान वळवायला सांगते, पाणी प्यायला देते. लग्नविधीत तिला गुडघे टेकायचे असतात, मान वाकवायची असते. आरशासमोर ताठ उभं राहून घेतलेलं माप तिथे उपयोगाचं नाही.

हाराचा प्रश्न लेसच्या जॅकेटने सोडवला. आतला गाऊन साध्या गळ्याचा, वर बंद गळ्याचं, लांब बाह्यांचं, पाठीवर बटणं असलेलं वेगळं जॅकेट. चर्चमध्ये जॅकेट, संध्याकाळी मांडवात ते काढायचं आणि आईचा हार घालायचा. दुकानदाराचाही फायदा. सहा बंद गाऊन भरण्याऐवजी दोन भरायचे आणि चार जॅकेटं शिवून ठेवायची. पैसे कमी अडकतात आणि ती जॅकेटं दुकानातल्या निम्म्या गाऊनवर चालतात.

अंगाच्या रंगाची जाळी ही आणखी एक गोष्ट. वर लेसची फुलं, खाली दिसू नये अशी जाळी. बाजारात 'स्किन' म्हणून जी जाळी मिळते, ती गोऱ्या मडमेच्या कातडीची. आपल्या मुलीच्या गळ्यावर ती पिठासारखी दिसते. म्हणून मी नायलॉनची जाळी घेते आणि चहाच्या पाण्यात बुडवून तीन-चार छटा करून ठेवते. पॉलिएस्टरची जाळी चहाचा रंग धरत नाही, म्हणून घेतानाच विचारून घ्यावं लागतं. जाळी मुलीच्या गळ्याशी धरायची, खिडकीपाशी न्यायची आणि मग ठरवायचं.

पावसाळ्यात हा माल सांभाळणं हे वेगळंच काम. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते आणि पांढरं कापड पिवळं पडतं, म्हणून सुती खोळ. कॉलरमध्ये पांढरा पातळ कागद भरायचा. घेराचं वजन गळ्याच्या लेसवर येऊ नये म्हणून कमरेला आतून नाड्या शिवायच्या आणि त्यांवर गाऊन टांगायचा.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? फॅशन आहे म्हणून? फॅशन येते आणि जाते. पांढऱ्या गाऊनची प्रथा जिच्यामुळे पसरली, त्या व्हिक्टोरिया राणीच्या 1840 च्या गाऊनचा गळा चांगला उघडा होता. 1956 साली ग्रेस केलीने मोनॅकोच्या प्रिन्सशी लग्न करताना गळाबंद लेसचा गाऊन घातला. हेलन रोझने तयार केलेला तो गाऊन आज फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. 2018 मध्ये प्रियांका चोप्राने जोधपूरला राल्फ लॉरेनचा उंच गळ्याचा गाऊन घातला, तेव्हा काही महिने माझ्याकडेही विचारणा झाली. पुढे ती ओसरली. एवढ्यासाठी मी हा माल ठेवला नसता.

मी तो एका मुलीमुळे ठेवते. तिच्या गळ्यावर थायरॉइडच्या ऑपरेशनची आडवी खूण होती. माझ्याकडे येण्याआधी ती बरीच दुकानं फिरली होती. सगळीकडे एकच उत्तर, "हाय नेक आता कोणी घेत नाही." मग तिला का हवा ते सांगावं लागायचं. अनोळखी माणसांसमोर ओढणी बाजूला करून खूण दाखवावी लागायची. त्यावर कोणी मेकअप सुचवायचं, कोणी म्हणायचं, "फार दिसत नाही हो." माझ्या दुकानात पुतळ्यावर बंद गळ्याचा गाऊन होता. तिने बोट दाखवलं आणि म्हणाली, "हा घालून बघू?" बस. खुणेबद्दल ती एक शब्दही बोलली नाही, मीही विचारलं नाही. मला ती खूण दिसली, पण माप घेण्याच्या वेळी.

त्यानंतर अशा बऱ्याच जणी आल्या. कोणाला भाजल्याचा डाग, कोणाला कोड, कोणी नुसतीच लाजाळू, कोणाला फक्त आवडतो म्हणून. कारण काहीही असो, ते मला सांगण्याची सक्ती तिच्यावर नसावी. माल समोर टांगलेला असला की तिला विनवणी करावी लागत नाही. दुकानात काय ठेवायचं याचा हिशेब पैशांचा असतोच, पण कोणाला किती वेळा स्वतःची कहाणी सांगायला लावायची, हाही त्यातलाच हिशेब आहे.

याची उलट बाजूही सांगते. कधी मुलीला उघडा गळा हवा असतो आणि आई किंवा होणारी सासू बंद गळ्यावर अडून बसते. "चर्चमध्ये चालत नाही," म्हणतात. मर्यादेचा पोशाख असावा, खांदे झाकावेत, असं आपले फादर सांगतात, ते बरोबर आहे. पण कॉलर कानापर्यंत हवी असा चर्चचा कुठलाही कायदा नाही. अशा वेळी मी मुलीला एकटीलाच ट्रायल रूममध्ये नेते आणि विचारते, "तुला काय हवंय बाळा?" बाहेर आल्यावर मोठ्यांची समजूत घालणं माझं काम. झाकण्यासाठी गाऊन मागणाऱ्या मुलीला मी जितका मान देते, तितकाच न झाकू इच्छिणारीलाही देते.

माझी आजी लाल लुगड्यात लग्नाला उभी राहिली. तिला कोणी विचारलं नव्हतं. आज आपण विचारू शकतो.

आता आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मुली लग्नाच्या वयाच्या आहेत, म्हणून दोन गोष्टी सांगते. गाऊन बघायला निदान चार महिने आधी निघा आणि सोबत सातजणांची वरात आणू नका, दोघं पुरे. दुसरं म्हणजे, मुलगी ज्या गाऊनपाशी आपोआप थांबते, तो तिला आधी घालून बघू द्या. हाराची चर्चा नंतर.

सर, बाई, सुई धरायला तुम्ही शिकवलंत, त्यावर आज माझ्यासकट पाच घरं चालतात. तुम्हाला नमस्कार. आणि बाकीच्यांनो, जेवण तयार आहे, मी थांबते.