जड मोटारसायकल आणि चाकाची अटकण

घाटांत बैलगाडी थांबली कीं गाडीवान प्रथम खालीं उतरून चाकाला दगड लावतो आणि मगच बैलांकडे वळतो. चाकावरची वस्तु उभी राहिली म्हणजे ती स्थिर झाली असें नव्हे, हें त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. जड मोटारसायकल ट्रेलरवर किंवा लहान ट्रकवर घालून दूर नेणाऱ्यास मात्र हेंच शहाणपण नव्यानें शिकावें लागतें. त्या दगडाच्या जागीं आतां लोखंडी अटकण आली आहे. बाजारांत तिला व्हील चॉक म्हणतात. ती कशी पारखून घ्यावी, एवढाच ह्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम ओझ्याचा विचार करावा. २०२१ सालीं नव्या रूपांत आलेली रॉयल एन्फील्ड क्लासिक ३५० सुमारें १९५ किलो भरते. होंडाची गोल्ड विंग टूर ३८० किलोंच्या आसपास जाते. अमेरिकेंतील मालवाहतुकीचा नियम असा आहे कीं, मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढें आणि ०.५ पट जोर बाजूला पडला तरी बंधनांनीं तो सोसला पाहिजे. ह्या मापानें गोल्ड विंगच्या बंधनांवर अकस्मात् ब्रेक लागतांना ३०० किलोंहून अधिक, व वळणावर १९० किलोंचा ताण धरावा लागतो. नुसत्या बाजूच्या स्टँडच्या आधारावर हें काम सोंपवणें म्हणजे संकटास आमंत्रण होय.

परंतु पहिला धोका गाडी रस्त्याला लागण्यापूर्वींच असतो. मोटारसायकल फळीवरून वर चढली आहे, पट्टा अजून एकही बांधलेला नाहीं. एकटा माणूस एका हातानें हँडल धरतो आणि दुसऱ्या हातानें पट्टा चांचपतो. अशा वेळीं ती थोडी जरी कलली तरी त्याच्यानें सांवरत नाहीं, आणि पाय तिच्याखालीं सांपडतो. चांगल्या अटकणीची खरी किंमत ह्या दोन मिनिटांत कळते. म्हणून निवडीची पहिली कसोटी हीच कीं, पुढचें चाक आंत गेल्यावर मोटारसायकल कोणीं न धरतां सरळ उभी राहते कीं नाहीं.

ह्या कसोटीवर अटकणींचे दोन वर्ग पडतात. पहिली केवळ वांकवलेल्या नळीची चौकट. ती चाकाला पुढें जाऊं देत नाहीं व वळूंही देत नाहीं, पण गाडी उभी धरीत नाहीं. ती स्वस्त असते, आणि मदतीस दुसरा माणूस नेहमीं असेल तर तेवढ्यावर भागतें. दुसरी पाळण्याची. तिच्यांत चाक पुढें लोटलें कीं मधला पाळणा चाकाच्या भारानेंच पुढें झुकतो आणि चाकाला पुढून व मागून कवटाळतो. एकट्यानें काम करणाऱ्यानें हीच घ्यावी.

त्यानंतर माप पाहावें. एन्फील्डच्या हिमालयन ४११ चें पुढचें टायर ९० मिलिमीटर रुंद व २१ इंची चाकाचें. क्लासिकचें १०० मिलिमीटर व १९ इंची. गोल्ड विंगचें १३० मिलिमीटर व १८ इंची. रुंद टायरासाठीं केलेल्या पाळण्यांत अरुंद टायर डुलत राहतें, आणि अरुंद पाळण्यांत रुंद टायर शिरतच नाहीं. खिळ पुढच्यामागच्या भोंकांत सरकवून माप बदलतां येईल अशी अटकण असावी. तिचें लोखंड मडगार्डाला किंवा ब्रेकच्या चकतीला घांसत नाहीं, हेंही आपली गाडी आंत घालूनच पाहावें.

अटकण कितीही भक्कम असली तरी ती ज्या तळाला जखडली असेल त्याहून भक्कम ठरत नाहीं. नुसत्या फळीला मारलेले स्क्रू धक्क्यानें उपटतात. बोल्ट आरपार घेऊन ते खालच्या लोखंडी सांगाड्याला आवळावे. गॅरेजांत मोकळी ठेवण्याची अटकण न जखडतां प्रवासांत कधींही वापरूं नये.

आणि अटकण म्हणजे पट्टे नव्हेत. तिनें चाक धरावें. मोटारसायकल खालीं दाबून धरण्याचें काम पट्ट्यांचें. दोन पट्टे फोर्कच्या खालच्या जोडापासून पुढें व बाहेरच्या अंगास तिरपे ओढावे, हँडलच्या टोकांना अडकवूं नयेत. फोर्क थोडा दबेल इतकेच ते आवळावे. आणखी दोन पट्ट्यांनीं मागील भाग बांधावा, म्हणजे तो बाजूला सरकणार नाहीं. पट्ट्यावर बहुधा दोन आंकडे छापलेले असतात. मोठा आंकडा पट्टा तुटण्याच्या भाराचा. कामाचा भार सामान्यतः त्याच्या एक-तृतीयांश. गिऱ्हाइकाची नजर मोठ्या आंकड्यावर जाते, पण हिशेब लहानाचा करावयाचा.

निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरांवर एकदां थांबून प्रत्येक पट्टा हातानें ओढून पाहावा. धक्क्यांनीं सैल झालेला पट्टा तेथें सांपडतो. अटकणीच्या किंमतींतले चार पैसे वांचवणाऱ्यानें हेंही ध्यानांत ठेवावें कीं, ट्रेलरवरून निसटलेली मोटारसायकल केवळ तिच्या मालकाचें नुकसान करीत नाहीं. तिच्या मागून येणाऱ्या वाटसरूनें त्या सौद्यांत कांहींच वांचवलेलें नसतें.