रात्रीची पाळी



मध्यस्थ म्हटलं की आपल्याकडे आधी लग्न जमवणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. मी दावे मिटवणाऱ्यांपैकी आहे. वकिली करता करता चाळीस तासांचं प्रशिक्षण घेतलं आणि न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात बसू लागले. केंद्र म्हणजे काय, एक खोली, गोल टेबल, पाच-सहा खुर्च्या आणि पाण्याचा जग. पिंजरा नाही, पुकारा नाही.

त्या खोलीतली एक हकीकत सांगते. तिथं बोललेलं बाहेर न्यायचं नाही, असा नियमच आहे. म्हणून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दोन सख्खे भाऊ. विहीर सामाईक, सातबाऱ्यावर निम्मा-निम्मा हिस्सा. धाकट्यानं थोरल्यावर निरंतर मनाई हुकुमाचा दावा लावला होता. माझ्या पाळीच्या आठवड्यात हा मोटार चालू करतो, त्याला ताकीद द्या, असं त्याचं मागणं. थोरल्याची कैफियत अशी, की विहीर माझीही आहे, मला अडवणारा हा कोण? नऊ वर्षं झाली होती. कोर्ट कमिशनर विहीर पाहून, नकाशा काढून गेला होता. नव्यानं आलेल्या न्यायाधीशांनी फाईल चाळली आणि प्रकरण कलम ८९ खाली आमच्याकडे पाठवलं. दिवाणी प्रक्रिया संहितेतलं हे कलम १ जुलै २००२ पासून लागू आहे. समेटाची शक्यता दिसली तर न्यायालयाला दावा लवाद, लोकअदालत किंवा मध्यस्थीकडे पाठवता येतो.

थोरल्यानं खुर्चीत बसता बसताच हात जोडले. "मॅडम, तुम्ही सांगाल ते मान्य."

हे मला दर आठवड्याला ऐकायला मिळतं आणि दर वेळी नको म्हणावं लागतं. त्यांची चूक नाही, सवय जुनी आहे. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचं पत्र. मराठेशाहीत गोतसभेपुढे वाद नेताना, सभा ठरवील ते कबूल, असं लिहून देत त्यालाही राजीनामाच म्हणत. पेशवाई गेल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टननं १८१९ साली इथल्या कारभारावर अहवाल लिहिला, त्यात पंचायतीबद्दल बरंच आहे. पुढं समाजसुधारक सार्वजनिक काकांनी पुण्यात लवाद कोर्टं उभी केली. पण पंच काय, लवाद काय, शेवटी निवाडा देतात. मध्यस्थ देत नाही. दोघांनी मिळून ठरवलं तर ठरलं, नाहीतर दावा होता तिथं परत.

गावकीचा न्याय म्हणून मध्यस्थीचे गोडवे गाणारी मंडळी भेटतात, तेव्हा मी जरा सावध होते. त्याच गावकीनं माणसं वाळीतही टाकली आहेत. त्यासाठी महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. माझ्या खोलीतून कोणालाही, कधीही, कारण न देता उठून जाता येतं. तेवढं दार उघडं नसेल तर त्या बैठकीला मध्यस्थी म्हणू नये.

तर ते दोघं भाऊ. पहिला पाऊण तास एकत्र बैठकीत गेला. वडिलांनी काय सांगितलं होतं, कोणी कोणाला काय शिवी दिली, पाइप कोणाच्या पैशाचा. मग मी दोघांशी वेगवेगळं बोलायचं ठरवलं. या एकेकट्या बैठकीत एकजण जे सांगतो, ते त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायचं नाही. आमच्या कामातली खरी किल्ली हीच आहे.

थोरला आधी आला. कैफियतीतलंच पुन्हा बोलला. मी विचारलं, "दादा, तुमची स्वतःची पाळी असताना त्याच्या पाळीत मोटार का लावता?" तो बराच वेळ टोपीची घडी करत राहिला. मग म्हणाला, "माझी पाळी रातची येते. उसात बिबट्या आहे. मला अंधारात दिसत नाही आता. बांध चाचपत जावं लागतं."

"हे कैफियतीत का नाही लिहिलं?"

"काय लिहू? भितो म्हणून?"

आणि हे धाकट्याला सांगायचं नाही, असं त्यानं बजावलं.

यातली गोम लक्षात घ्या. वडिलांनी पाळ्या लावल्या तेव्हा विहिरीवर ऑइल इंजिन होतं. आठवडा एकाचा, आठवडा दुसऱ्याचा. ज्याला जेव्हा सोयीचं तेव्हा त्यानं इंजिन चालवावं. वाटणी चोख होती. मग वीज आली, विजेची मोटार आली आणि पुढं शेतीची वीज पाळीनं मिळू लागली. त्यांच्या फिडरवर एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पाण्याचा आठवडा आणि विजेचा आठवडा एकावर एक बसले. धाकट्याच्या वाट्याला दिवस आले, थोरल्याच्या रात्री. कोणी कट केला नव्हता. दाव्याच्या कागदांत मात्र वीज हा शब्दच नव्हता. न्यायालय कागदावरच्या मुद्द्यांवर निकाल देतं. तो कोणाच्याही बाजूनं लागला असता, तरी निम्मी विहीर निम्मीच राहिली असती आणि म्हातारा बांध चाचपतच राहिला असता.

आता धाकटा आत आला. थोरल्याचा एक शब्दही मला उच्चारायचा नव्हता. मी त्याला त्याच्याच पाळीबद्दल विचारलं. पाणी किती वाजता देता?

"सकाळी नऊला मोटार चालू. पाचाला बंद."

"आणि दादांच्या पाळीत?"

तो सांगायला गेला आणि थांबला. बोटांवर काहीतरी मोजलं. परत मोजलं. "रातच्याला," म्हणाला. "त्याची सारखी रातच येते की."

नऊ वर्षांत हे त्याच्या ध्यानात आलं नसेल, यावर माझा पूर्ण विश्वास नाही. पण कोणी विचारलंही नव्हतं.

पुढचं सोपं होतं असं नाही. आणखी तीन बैठका लागल्या, त्यातली एक निव्वळ पाइपावर गेली. शेवटी ठरलं ते असं, की आठवड्याची पाळी मोडायची आणि प्रत्येक आठवडा साडेतीन-साडेतीन दिवस वाटून घ्यायचा. म्हणजे दिवसही दोघांना, रात्रीही दोघांना. थोरल्याच्या रात्री मोटार लावायला धाकट्याचा मुलगा जाईल. हे धाकट्यानं स्वतःहून सांगितलं. दोन्ही वकिलांनी मनापासून मदत केली, हेही नोंदवते. वकिलांना मध्यस्थी नको असते, असं सरसकट बोललं जातं.

अशी तडजोड पुरसीस, म्हणजे दोघांच्या सहीचा तडजोडीचा लेख, न्यायालयात दाखल होते आणि तिच्यावर हुकूमनामा होतो. मोडली तर अंमलबजावणीसाठी दरखास्त लावता येते. न्यायालयाच्या केंद्रात पक्षकारांना मध्यस्थाची फी पडत नाही. दावा लावण्याआधीच यायचं असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करावी. तीन लाखांपासून पुढच्या व्यापारी दाव्यात, तातडीचा हुकूम नको असेल, तर आधी मध्यस्थी करणं २०१८ पासून कायद्यातच आहे. २०२३ साली स्वतंत्र मध्यस्थी कायदाही झाला. त्याची कलमं टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. त्यात मध्यस्थी पूर्ण करायला १२० दिवसांची मुदत आहे, दोघांची संमती असेल तर आणखी ६० दिवस.

सगळंच इथं आणू नये. खोटा दस्त, बनावट सही असे गंभीर आरोप असतील तर ते प्रकरण मध्यस्थीचं नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० च्या निकालात सांगितलं आहे. आणि मार खाऊन आलेल्या बाईला, नवऱ्यासमोर बसून जमवून घे, असं सांगणाऱ्या मध्यस्थानं आपली खुर्ची सोडावी, हे माझं मत.

त्या भावांच्या पुरसीसमध्ये सात कलमं होती. सहा झाल्यावर थोरला म्हणाला, मोटारीच्या पेटीची किल्ली कुठं राहणार ते लिहा. वकील हसले. मी लिहायला घेतलं: किल्ली मोटारघराच्या आत खिळ्यावर राहील.

"कोणत्या खिळ्यावर?" धाकट्यानं विचारलं.

"डावीकडच्या," थोरला म्हणाला. "उजवीकडं ओल येते."

डावीकडच्या, असं लिहिलं.