थकवा नेमका कुठे असतो?



मघाशी तुम्ही फाटकापासून इथपर्यंत लेझीम खेळत आम्हा पाहुण्यांना आणलंत. त्यानंतर लेझीम खेळलेल्या मुली मागच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. एक जण मैत्रिणीला म्हणाली, "पाय पार गेलेत गं, आता जागची हलणार नाही." तेवढ्यात हलगीवाल्या दादांनी सहज एक थाप मारली, आणि सगळ्यांत आधी तिचाच पाय ठेक्याला लागला. गेली 22 वर्षं मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. माझ्या विषयातलं एक मोठं कोडं त्या पायात होतं.

पहिल्या वर्षाला आमच्याकडे एक प्रात्यक्षिक असतं, मोसोचा अर्गोग्राफ. हात मेजावर उताणा ठेवायचा, तर्जनी आणि अनामिका अडकवून टाकायच्या, मधलं बोट मोकळं. त्या बोटाला दोरी आणि कप्पीवरून खाली सोडलेलं वजन. मेट्रोनोमची टकटक सुरू झाली की ठोक्याठोक्याला वजन ओढायचं. सुरुवातीचे ओढे झोकात जातात. मग कोपर उचलू बघतं, खांदा मदतीला धावतो, कपाळावर घाम येतो आणि एका ठोक्याला बोट हलतच नाही. "मॅम, संपलं." विश्रांती देऊन पुन्हा तेच करायचं, पण या खेपेला अख्खी बॅच भोवती जमून ओरडते, "ओढ, अजून एक, ओढ!" बहुतेक वेळा त्याच बोटाचं काम वाढतं. वजन तेच, बोटही तेच. हुरूप दिल्यानं किती फरक पडला हे मोजणं हा त्या प्रात्यक्षिकाचाच एक भाग आहे. इतकी वर्षं बघूनही त्या क्षणी माझ्या अंगावर काटा येतो.

म्हणजे "संपलं" म्हणताना ते मूल खोटं बोलत नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत होतं. पण घरातली जाणती बाई डब्याच्या तळाशी मूठभर तांदूळ राखून ठेवतेच, तसं शरीरही काही राखून असतं. काम किती उरलंय, ते कशासाठी करायचंय, सोबत कोण आहे, या सगळ्याचा अंदाज मेंदू घेत असतो आणि थकव्याची जाणीव त्या अंदाजातूनही येते.

हे उलट्या बाजूनंही खरं आहे. हे यंत्र बनवणारे अँजेलो मोसो इटलीत तुरिनला प्राध्यापक होते. थकव्यावरचं त्यांचं पुस्तक 1891 साली आलं. त्यांना दिसलं, की विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या सहकाऱ्याचं बोट नेहमीपेक्षा लवकर दमतं. बोटानं तर काहीच केलं नव्हतं! पुढे 2009 मध्ये सॅम्युएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 16 जणांना एकदा 90 मिनिटं डोक्याला ताण देणारं काम दिलं, एकदा तेवढाच वेळ साधे माहितीपट दाखवले, आणि दोन्ही वेळा नंतर दम संपेपर्यंत सायकल मारायला लावली. माहितीपटानंतर ते सरासरी 754 सेकंद टिकले, डोकं शिणल्यावर 640. हृदय आणि स्नायू आधीच हात टेकून बसले होते असं काही आढळलं नाही. तीच सायकल त्यांना जड वाटली, एवढंच.

आपल्या देशातल्या लोकांवर झालेलंही एक काम सांगते. कृष्णा सवानी आणि वेरोनिका योब यांनी 2017 मध्ये दाखवलं, की मनाला आवर घालायला लावणारं अवघड काम आधी केलेल्या भारतीयांना पुढचं काम अधिक चांगलं जमलं. पाश्चात्त्य देशांतल्या लोकांत तसं दिसलं नाही. 'कष्टानं शक्ती खर्च होते' असं न मानता 'कष्टानं अंगात बळ येतं' असं मानणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत, हे त्यांनी त्याचं कारण सांगितलं. हा शोधनिबंध वाचताना मला दिवे घाट दिसला. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते तो वारीतला सगळ्यांत लांबचा टप्पा, 30 किलोमीटरच्या वर, आणि तो येतो एकादशीला. उपाशीपोटी साठीच्या बाया डोक्यावर तुळस घेऊन तो घाट चढतात. एकट्यानं, टाळ-मृदंगाशिवाय त्यांना तो चढता आला असता का? मला नाही वाटत.

पण इथे मला थांबून एक गोष्ट ठासून सांगायची आहे, विशेषतः पालकांना. मी बारावीत असताना सतत दमलेली असायचे. जिना चढला की धाप, पुस्तक उघडलं की डोळे मिटायचे. सगळे म्हणायचे, "आळस आहे, मनावर घेत नाही." वर्षभरानं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 7.8 होतं, जे किमान 12 हवं. ते वर्षभर मी स्वतःला नालायक समजत होते. त्याचं दुःख मला आजही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 2019 ते 21 च्या फेरीत, 15 ते 19 वयाच्या देशातल्या दर 100 मुलींपैकी 59 जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. तिथे हुरूप देऊन भागत नाही. लोह लागतं. शाळेत आठवड्याला मिळणारी ती निळी गोळी खिडकीतून फेकू नका. जेवणाबरोबर चहा नको, पालेभाजीवर लिंबू पिळा.

म्हणून थकलात की त्या थकव्याची विचारपूस करा: तू बोटातला, डोक्यातला, की रक्तातला? झोप झाली होती का? ज्या कामाला कंटाळलो, ते कुणाबरोबर केलं तर हलकं होईल?

लेझीमच्या त्या मुलीला मी विचारलं, "बाळा, जिना चढताना दम लागतो का?" ती हसली आणि म्हणाली, "लागतो की, मॅडम. पण सगळ्यांनाच लागतो ना?"

उद्या सकाळी 8 वाजता मी याच सभागृहात हिमोग्लोबिन तपासायचं यंत्र घेऊन बसणार आहे. प्राचार्यांनी परवानगी दिली आहे. बोटाला एक टोचणी, दोन मिनिटांचं काम. मुलांनीही या. माझी एसटी साडेअकराची आहे, तोवर जितके याल तितक्यांचं बघते.